बाईंची कडू भाकर

लातूरला मी ज्यांच्या घरात नऊ वर्षं भाड्यानं राहिले, त्या बाईंनी चार खोल्यांचं चांगलं स्लॅबचं घर बांधलं होतं आणि स्वतः त्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत राहायच्या. घर बघायला गेले त्या दिवशी मला वाटलं, या राखणीला ठेवलेल्या कोणी असतील. मी विचारलं, "मालकीणबाई कुठं भेटतील?" त्या पत्र्याच्या दारात गहू पाखडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "भेटल्या. वर पंखा हाय, खाली फरशी हाय, नळाला आठ दिवसाला पाणी येतं. अजून काय इचारायचंय?"

लातूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली राहणं म्हणजे काय, ते राहिल्याशिवाय कळत नाही. दुपारी मी पंख्याखाली लोळत पडायचे आणि खिडकीतून बघायचे, तर या बाई शिडी लावून पत्र्यावर ओली गोणपाटं पसरवताहेत. मी हात जोडून सांगायचे, बाई, आत या, तुमचंच घर आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं. "पत्रा पडला तर डोकं फुटतं. स्लॅब पडला तर माणूस जातो." पाढे म्हणावेत तशा स्वरात सांगायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे कोणतीही गोष्ट त्या पाढ्यासारखीच सांगायच्या. सगळी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची.

भाडेकरूंसाठी त्यांचे नियम होते. चपला दाराकडं तोंड करून ठेवायच्या. दाराला आतून कडी लावायची नाही, नुसतं लोटायचं. मी कंधारहून एकटी आलेली मुलगी, एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, मी कडी लावायची म्हणजे लावायचीच. यावरून आमची पहिलं वर्षभर भांडणं झाली. शेवटी त्यांनीच कडीचा नियम मागं घेतला आणि मी चपलांचा पाळायला लागले. भूकंपातल्या बाई आहेत, असं शेजारणीनं मला एकदा हळूच सांगितलं होतं. किल्लारीकडच्या गावात होत्या, घरातलं सगळं गेलं. याहून जास्त कोणी बोलायचं नाही, आणि बाई तर नाहीच नाही.

पण बाईंची खरी ख्याती वेगळी होती. आमच्याकडं ज्या घरात माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे भाकरी-पिठलं करून नेतात आणि दोन घास बळंच खायला लावतात. त्याला कडू भाकर म्हणतात. ही रीत सगळेच पाळतात, पण आपल्या नात्यात, आपल्या शेजारात. बाईंना शेजार कुठं संपतो तेच ठाऊक नव्हतं. औसा रोडला कोणी गेल्याचं कळलं की निघाल्या. बार्शी रोडला कळलं की निघाल्या. फडक्यात बांधलेल्या भाकरी, डब्यात पिठलं, पायात कॅनव्हासचे बूट. अनोळखी घरात शिरायच्या, बायकांत बसायच्या, आणि रडणं थोडं ओसरलं की घरच्यांपैकी एकाला धरून विचारायच्या, "माणूस कसा होता?"

या प्रश्नाला आपल्याकडं एकच उत्तर आहे. देवमाणूस होते. बाईंना ते चालायचं नाही. "ते सगळेच असतात, माय. चहात साखर किती घ्यायचे?"

एकदा मी सोबत होते म्हणून सांगते. गल्लीच्या टोकाला राहणारे एक वकील गेले. मोठा बंगला, अंगणात खुर्च्या, आलेल्यांसाठी केटररकडून पोहे मागवलेले. मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं, पण बाई फडकं घेऊन थेट आत. वकिलांचा मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा अतिशय शिस्तप्रिय होते." बाई म्हणाल्या, "ते बोर्डावर लिवा. घरात कसे होते?" तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या वकिलीणबाई म्हणाल्या, "डॉक्टरनं शेंगदाणे बंद केले होते. कोर्टातून येताना शेंगा खात यायचे. कोट धुवायला काढला की खिशात फोलपटं." असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता जे रडल्या ते खरं रडणं होतं. मग बाईंनी मोडून दिलेली चतकोर भाकर त्यांनी खाल्ली. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

तरी मला ते विचित्रच वाटायचं. दुसऱ्याच्या दुःखात नाक खुपसणं वाटायचं, आणि मी तसं त्यांना तोंडावर म्हटलंही होतं. त्यांना राग आला नाही. "हाव, खुपसते," एवढंच म्हणाल्या.

मग माझे वडील गेले. मी सकाळी निरोप आला तशी कंधारला निघून गेले, बाईंना सांगायचंही सुचलं नाही, जाताना शेजारणीला तेवढं म्हटलं. दुपारी घरात माणसं भरलेली, आई भिंतीला टेकून बसलेली, आणि दारात कॅनव्हासचे बूट. लातूरहून अहमदपूर, तिथं गाडी बदलून लोहा, तिथं पुन्हा बदलून कंधार. फडक्यातल्या भाकरी एसटीत दबून वाकड्या झाल्या होत्या. माझ्या वडिलांना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्याजवळ बसल्या आणि विचारलं, "माणूस कसा होता?" मी देवमाणूस म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "एसटीत खिडकीच्या जागेसाठी भांडायचे. लहान पोरांशीसुद्धा." बाई म्हणाल्या, "मिळायची का जागा?" मी म्हणाले, "प्रत्येक वेळी." त्यानंतर मी त्यांना विचित्र म्हणायचं सोडून दिलं.

बाईंची आणखी एक खोड अशी की त्यांना पत्ता सांगता यायचा नाही, म्हणजे इतर लोक सांगतात तसा. डावी-उजवी काही नाही, सगळी माणसंच. "गंजगोलाईकडं जायचं तर पहिलं घर कांताबाईचं, तिची सून रेणापूरची, दार दक्षिणेला. मंग कुलपं दुरुस्त करणारा, त्याला तीन लेकी. मंग बंद घर, तिथला पोरगा पुण्याला." मी म्हणायचे, बाई, मला नुसतं मार्केटला जायचंय. त्या म्हणायच्या, "मंग जा की. मी काय धरून ठेवलंय?" पण ऐकल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

ही खोड कुठून आली ते मला एका तरुण शिक्षकाकडून कळलं. बाईंच्या गावाचं भूकंपानंतर दुसरीकडं पुनर्वसन झालं होतं. त्या नव्या गावच्या शाळेत हे गुरुजी शिकवायचे. ते पहिल्यांदा आले तेव्हा बाई कुठल्यातरी मयताला गेल्या होत्या, म्हणून माझ्याच खोलीत बसले. म्हणाले, "जुन्या गावात आता नुसती जोती उरलीत, ताई. जोती आणि वेड्या बाभळी. आम्ही ठरवलंय, प्रत्येक घरापुढं एक दगड लावायचा, त्यावर त्या घरातल्या माणसांची नावं लिहायची. पण कोणतं जोतं कोणाचं, तेच कळत न्हाई. म्हातारी माणसं एकेक करून गेली. हायत त्यांना आपली गल्ली तेवढी आठवते." मी विचारलं, मग बाईंकडं काय काम? ते म्हणाले, "सगळं गाव ओळीनं ठाऊक असलेलं माणूस एकच हाय. भूकंपाच्या दोन-अडीच वर्षं आधी शिरगणती झाली होती. घरोघर फिरून नावं लिहिली ती बाईंनीच. कागद सरकारजमा झाले. डोक्यात हाय तेवढंच आता."

बाई आल्या. गुरुजींना चहा दिला, शाळेचा पट विचारला, मुलांना पाढे येतात का विचारलं. गुरुजींनी विषय काढला तशा म्हणाल्या, "मला आता आठवत न्हाई, बाळा."

हे खोटं होतं. जिला कांताबाईच्या सुनेचं माहेर आठवतं तिला काय आठवत नसेल? गुरुजी गेल्यावर मी तसं म्हटलं. बाई भांडी विसळत होत्या. भूकंपानंतर आठ दिवस त्या तिथं होत्या, आणि गाव सोडलं ते सोडलंच. दरवर्षी तिथं श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो, त्यालाही कधी गेल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "साऱ्या लातुरात जाते मी. तिथं जाऊन कोणाला भाकर देऊ? घरंच न्हाईत."

गुरुजी चिकट होते. दुसऱ्या वर्षी आले, तिसऱ्या वर्षी आले. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "गेल्या साली सांगणारे दोघं होते. औंदा एकच हाय, अन् त्याला आता माणसं ओळखू येत न्हाईत. बाई, तुम्ही नाही आलात तर जोत्यांपुढं कोरे दगड लावावे लागतील." बाईंनी त्यांना शिऱ्याची बशी दिली. "आठवत न्हाई," म्हणाल्या. पण त्या दिवशी सबंध संध्याकाळ त्या पत्र्याच्या खोलीच्या दारात बसून होत्या आणि हातातला तांदूळ तसाच न निवडता राहिला.

त्याच वर्षी निवृत्त शिक्षिकांच्या एका गटानं युरोपची सहल काढली. एक जागा रिकामी होती आणि बाईंना इंग्रजी बोलायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी गेले. बाईंच्या सामानात अर्धी बॅग कडक भाकरी होत्या. कडक भाकरी महिनाभर टिकते, पापडासारखी मोडते. सोबत शेंगदाण्याची चटणी. टूर मॅनेजर पुण्याचा तरुण मुलगा, अगदी गोड बोलणारा. म्हणाला, "आजी, रोज भारतीय जेवण आहे हो." बाई म्हणाल्या, "आमच्यासाठी न्हाई. कोणाचं काय होईल सांगता येतंय का?" त्या मुलानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

प्रत्येक हॉटेलात एकच तमाशा. खोली सहाव्या मजल्यावर की बाई रजई घेऊन खाली स्वागतकक्षातल्या सोफ्यावर. मग मी काउंटरवर जाऊन तळमजल्यावर काही आहे का, म्हणून गयावया करणार. आम्हाला तीन देशांत कपडे धुण्याच्या मशीनशेजारची खोली मिळाली. आयफेल टॉवर बाईंनी खालूनच बघितला आणि म्हणाल्या, "चांगला हाय. पडला तर इकडं येईल का?"

म्युनिकला अर्धा दिवस मोकळा होता. बाकीच्या बायका खरेदीला निघाल्या. मॅनेजर म्हणाला, शहराबाहेर नाझींच्या काळातली एक छळछावणी आहे, आता स्मारक केलंय, गाईड मिळतो, पण सुचवत नाही, आजी, तिथं सगळं मरणाचंच आहे, मूड जाईल. बाईंनी बॅगेतून फडकं काढलं आणि मोजून चार कडक भाकरी बांधल्या.

गाईड एक बाई होती. चाळिशीची, आखूड केसांची, पायात जाड बूट. आमच्यासोबत इतर देशांचे आठ-दहा जण होते. ती हळू आवाजात इंग्रजी बोलायची आणि एका वाक्यानंतर थांबायची, जणू पुढचं वाक्य बोलावं का विचार करतेय. फाटकातून आत खडीचं मोठं मैदान. इथं माणसांना उन्हात, बर्फात तासन्‌तास उभं करून मोजत, असं तिनं सांगितलं. मी बाईंना भाषांतर करून देत होते आणि जे फार भयंकर होतं ते गाळत होते. बाईंच्या लगेच लक्षात आलं. "गाळू नको. ती सांगती तेवढं सांग."

मग आम्ही बराकींकडं गेलो. म्हणजे बराकी नाहीतच. दोन तेवढ्या नमुन्याला परत बांधल्यात, बाकीच्या पाडून टाकलेल्या. मधे सरळ रस्ता, कडेला उंच झाडं आणि दोन्ही बाजूंना जमिनीवर नुसत्या सिमेंटच्या लांबट चौकटी, आत खडी भरलेली. एकामागं एक, पार शेवटपर्यंत.

बाई थांबल्या. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "ही जोती हायत."

गाईड पुढं जाऊन बोलत होती, लोक तिच्यामागं. बाई हलेनात. एका चौकटीच्या कडेकडेनं चालायला लागल्या, पदर सावरून, खाली बघत. मी मागं धावले. त्या म्हणाल्या, "विचार तिला, दार कुठं होतं?"

मी गाईडला गाठून विचारलं. ती आधी समजलीच नाही. मग म्हणाली, मी अकरा वर्षं हे काम करतेय, किती माणसं, कधी, कसं, सगळं विचारतात. दार कुणी विचारलं नव्हतं. ती परत आली, चौकटीकडं बघत थोडा वेळ उभी राहिली, मग एका जागी बोट दाखवलं. बाई वळसा घालून तिथं गेल्या. उंबरा असेल त्या जागेच्या अलीकडं उभं राहून त्यांनी हात जोडले. गाईडही त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि बाकीचे लोक आमच्यासाठी थांबले.

फेरी संपल्यावर फाटकाबाहेर बाकावर बाईंनी गाईडला हाताला धरून बसवलं आणि फडकं सोडलं. मला म्हणाल्या, "विचार, हिचं कोण गेलं इथं? रोज मयताच्या घरात उभी राहते, हिला कोणी भाकर दिली असंल का?"

मी कडू भाकर म्हणजे काय ते इंग्रजीत जमेल तसं सांगितलं आणि विचारलं. गाईडचा चेहरा उतरला. तिनं हात मागं घेतला. म्हणाली, नाही, चूक होतेय, मी हे घेऊ शकत नाही. माझ्या घरचं इथं कोणी मेलं नाही. माझे आजोबा याच गावात राहायचे. रोज या भिंतीजवळून सायकलवर कामाला जायचे. आम्हाला काही ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणायचे. मरेपर्यंत तेवढंच म्हणाले.

हे बाईंना सांगताना मला भीती वाटली. बाई चुकीच्या घरी भाकर घेऊन आल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच. आता फडकं परत बांधतील असं मला वाटलं. त्या भाकरीकडं बघत राहिल्या.

"म्हंजे शेजारी," म्हणाल्या.

"हो."

"मंग कडू भाकर शेजाऱ्यानंच आणायची असती. हिच्या आज्यानं आणली न्हाई." मग म्हणाल्या, "ही आणती. अकरा वर्षं झाली, रोज." आणि त्यांनी भाकर मोडली, तिचे तीन भाग केले आणि एक गाईडच्या हातात दिला. "सांग तिला, मयताची म्हणून न्हाई. वाटणाऱ्यालाबी भूक लागती."

मी सांगितलं. गाईडनं तो तुकडा दोन्ही हातांत धरला. मग खायला लागली. कडक भाकरीचा कडाकडा आवाज होतो, त्यात रडू दाबता येत नाही. खाऊन झाल्यावर तिनं बाईंना विचारलं, तुमचं कोण गेलं?

नऊ वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. बाई जर्मनीतल्या त्या बाकावर बसून सांगायला लागल्या आणि मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले. मी बहिणीकडं लातूरला गेले होते. घरी नवरा होता आणि सासू होती. पोरीला ताप होता म्हणून तिला सासूजवळ ठेवलं होतं. सकाळी गावात आले तर गाव नव्हतं. तिसऱ्या दिवशी कुठूनतरी ट्रक आला, भाकरींनी भरलेला. कोणाच्या घरच्या भाकरी, कोणी थापल्या, काय ठाऊक. एकानं माझ्या हातात एक ठेवली. ती मी खाल्ली.

"माझी मुलगी दोन वर्षांची होती," असं मी इंग्रजीत म्हणाले आणि माझाच आवाज फुटला. मला मूलबाळ नाही. पण भाषांतर करताना 'माझी'च म्हणावं लागतं.

गाईडनं आणखी एकच विचारलं. तिथं येणाऱ्यांना कोण दाखवतं?

"कोणी न्हाई," बाई म्हणाल्या. "बाभळी हायत."

परतीच्या बसमध्ये त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. एकदम म्हणाल्या, "लिही."

माझ्याजवळ सहलीच्या कार्यक्रमाचा कागद तेवढा होता. त्याच्या पाठीमागं लिहायला लागले. "मारुतीच्या पारापासून धर. पहिलं घर रंगनाथ अण्णाचं. दार उगवतीला. अण्णा, त्याची बायको सोना, पोरं तिघं." पोरांची नावं सांगितली. "त्याच्या पुढं द्वारकाबाई, एकटी. दार उत्तरेला. तिच्या पुढं मौलाचाचा." मौलाचाचाच्या घरातली सात नावं सांगून त्या थांबल्या. बाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "त्याच्या पुढचं सोड. त्याच्या पुढं बाबू शिंपी." मी दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि बाबू शिंपी खालच्या ओळीवर लिहिला. हॉटेल येईपर्यंत कार्यक्रमाचा कागद भरला, मॅनेजरचा कागद घेतला, तोही भरला. मॅनेजर म्हणाला, "आजी, काय लिहून घेताय एवढं?" बाई म्हणाल्या, "शिरगणती."

परत आल्यावर त्यांनी स्वतःच गुरुजींना फोन केला.

जायच्या दिवशी मी सकाळी लवकर उठून भाकरी केल्या. माझी भाकरी कधी गोल होत नाही, कडा चिरतात, पोटात कच्ची राहते. बाई नेहमी म्हणायच्या, "तू आपलं शिकवायचंच बघ." तरी केल्या, पिठलं केलं, फडक्यात बांधलं आणि पिशवीत खाली घातलं.

गुरुजींनी बाभळी तोडून घेतल्या होत्या. जोती मोकळी झाली होती. काळा दगड, मधून वाढलेलं गवत, कुठं अर्धी भिंत, कुठं जात्याचं पाळू. बाई पारापाशी उतरल्या. दोन्ही हात पदरात गुंडाळले. मग पहिल्या जोत्याकडं निघाल्या, आणि जशा निघाल्या तशा मास्तरीण झाल्या. "इकडून. भिंतीवरून चढू नका. दार हितं होतं." गुरुजी ब्रशनं दगडावर नावं लिहीत होते, मी कागद धरून उभी. बाईंना कागद लागत नव्हता. कोण आवळं-जावळं होतं, कोणाची म्हैस मारकी होती, कोणाच्या माळवदावर वाळवण असायचं, सगळं सांगत होत्या. रंगनाथ अण्णा झाले. द्वारकाबाई झाल्या. मौलाचाचा झाले.

पुढच्या जोत्यापाशी त्या थांबल्या नाहीत. सरळ पुढं गेल्या. गुरुजी म्हणाले, "बाई, हे कोणाचं?"

"पुढं चल."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवायचा प्रयत्न केला, मी सोडला नाही. त्यांच्यापुढं एवढा हट्ट मी फक्त कडीसाठी केला होता. मी विचारलं, "दार कुठं होतं, बाई?"

त्या जोत्याकडं वळल्या. मग बोटानं दाखवलं. आम्ही तिथून आत गेलो. मी त्यांना जोत्याच्या कडेवर बसवलं, पिशवीतून फडकं काढलं, भाकर मोडली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बघितली. त्यांच्या लक्षात आलं.

"माणसं कशी होती?" मी विचारलं.

त्यांनी घास घेतला. "भाकर कच्ची हाय," म्हणाल्या. दुसरा घास घेतला. मग सांगितलं. सासू बिडी ओढायची आणि सुनेला कळत नाही असं तिला वाटायचं. नवऱ्याला सायकल येत नव्हती, तो शाळेपर्यंत त्यांच्या मागं कॅरिअरवर बसून यायचा आणि गाव हसायचं. पोरगी चपला कायम उलट्या पायात घालायची, सरळ करून दिल्या की रडायची. हे सांगताना बाई रडत होत्या आणि खात होत्या. मीही रडत होते. सगळी भाकर संपली, कच्चीसकट.

गुरुजी लांब उभे होते. बाईंनी त्यांना बोलावलं आणि नवऱ्याचं नाव सांगितलं, सासूचं सांगितलं. त्यांनी लिहिलं. मग बाईंनी ब्रश मागितला.

"पोरगी शिरगणतीत न्हाई," म्हणाल्या. "तवा झालीच नव्हती. ग्रामपंचायतीचं दप्तर बी ढिगाऱ्यात गेलं. कुठंच लिवलेली न्हाई ती."

त्या दगडापुढं मांडी घालून बसल्या. फळ्यावर लिहिताना बाया जसा मनगटाला दुसऱ्या हाताचा आधार देतात तसा दिला आणि मोठ्या, सरळ अक्षरात 'रुपाली' लिहिलं. शिरोरेषा एका दमात ओढली. फुंकर मारून रंग वाळवला आणि ब्रश गुरुजींना परत दिला.

"चला. पुढचं बाबू शिंप्याचं. दार उगवतीला."

गुरुजी आणि मी घाईनं निघालो आणि समोरच्या कडेवरून खाली उडी मारणार, तोच थांबलो. मागं फिरलो, वळसा घातला आणि दारातून बाहेर आलो.